घोळ हाय, बाई

माझा स्वभाव संशयी आहे. दुधात पाणी घातलंय का, हे मी दुधाकडे न बघता दूधवाल्याच्या तोंडाकडे बघून ठरवते. नवरा म्हणतो, तुला शाळा-कॉलेजात घेतलं ही चूक झाली, पोलीस खात्यात घ्यायला हवं होतं. हे मी हसण्यावारी नेत आले आणि खरं सांगायचं तर मनातून त्याचा थोडा तोराही मिरवत आले. पण याच स्वभावापायी एका बाईचं काम मी घालवलं, आणि तेही वीतभर उंचीच्या एका झाडावरून. ते झाड अजून आमच्या गच्चीवर आहे. लोक त्याचं कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलते.

संशयाची सवय नेमकी कधी लागली तेही मला माहीत आहे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, मी नांदेडला आई-वडिलांकडे होते. आमच्याकडे फळीवरची चार भांडी खाली आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा गेला, एवढंच. तिकडे लातूर-उस्मानाबादच्या बाजूला गावंच्या गावं बसली होती. वडिलांनी तड्याच्या टोकाला पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि मला सांगितलं, रोज सकाळी बघायचं, तडा रेघेच्या पुढे सरकला तर घर सोडायचं. मी वर्षभर रोज बघत होते. तडा सरकला नाही. पण भिंतीसारखी भिंत एवढी वर्षं आपल्याला फसवत होती ही गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. भिंतीवरचा भरवसा उडाल्यावर माणसांवरचा उडायला काही वेळ लागत नाही.

पुढे लग्न होऊन लातूरला आले. एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. नवरा पाटबंधारे खात्यात, बदली उदगीरला, घरी यायचा शनिवारी. ते दिवस लातुरात क्लासेसना ऊत आल्याचे होते. चौकाचौकात हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि खाली टक्के. निलंग्यापासून किनवटपर्यंतची मुलं डॉक्टर व्हायला आमच्या गावात उतरत होती, आणि ज्याच्या घरावर गच्ची होती तो त्या गच्चीवर दोन खोल्या चढवत होता. आम्हीही चढवल्या. आठ मुली राहायला आल्या. त्यांच्या जेवणासाठी मावशी आल्या.

मावशी पन्नाशीच्या. भूकंपात पडलेल्या एका गावच्या. लातुरात मुलाच्या खोलीवर राहायच्या आणि सकाळी सहाला आमच्याकडे हजर व्हायच्या. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. बोलणं अगदी कमी. भाकरी थापायच्या, भाजी टाकायच्या, उरलेल्या वेळात गच्ची झाडायच्या. मला कमी बोलणारी माणसं मुळात संशयास्पद वाटतात. बडबड्या माणसाचं काय ते कळून तरी येतं.

एका दिवाळीत मी नांदेडला गेले असताना तिथे बोन्सायचं एक दिवसाचं शिबिर होतं. शिकवणारे कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "वड-पिंपळाच्या नादी लागू नका. नवख्याने मांसल पानांचं झाड घ्यावं. त्याला विसरलात तरी ते मरत नाही, लाड केलेत तर मात्र नक्की मरतं." मला हे झाड तिथेच आवडलं. लाड करून घेणारी झाडं आणि माणसं दोन्ही मला जमत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्धापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. सगळीकडे केळीची रोपं, आणि कोपऱ्यात काळ्या पिशवीत हे एक, चमकदार जाड पानांचं. नर्सरीवाला म्हणाला, "जेड हाय, मॅडम. घ्या, घरात बरकत येते." बरकत येते म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो. म्हणून तिथेच उभं राहून मी स्वतः झाडाची ओळख पटवायला घेतली. शिबिरात झेरॉक्सचे कागद दिले होते. त्यात जेड म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन झाडांची चित्रं होती. एक क्रॅसुला, अंगठ्याएवढं पान, जाडजूड हिरवट खोड. दुसरं पोर्टुलाकेरिया, करंगळीच्या नखाएवढं गोल पान, तांबूस खोड, खोडावर पेरापेराच्या खुणा. माझ्या हातातल्या झाडाचं पान नखाएवढंच होतं. खोडही तांबूस होतं. तरी मी ठरवलं की हे क्रॅसुलाच. पिशवी लहान म्हणून पान लहान राहिलं असेल, उन्हाने खोड लाल पडलं असेल. शंभर मुलांना वनस्पतींचं वर्गीकरण शिकवणारी मी, मला कोण चूक म्हणणार होतं? सगळ्या जगावर मी संशय घेतला, तेवढा स्वतःच्या ओळखीवर घेतला नाही.

त्याच कागदावर क्रॅसुलाखाली लिहिलं होतं की हे पाळीव जनावरांच्या पोटात जाऊ देऊ नये, बाधतं. मी घरी आल्या आल्या सगळ्यांना ताकीद दिली, झाड विषारी आहे, कुणी हात लावायचा नाही. मावशींना वेगळं बोलावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग झाडाला वळण लावायचं काम सुरू झालं. कुंभाराकडून एक उथळ परळ आणला आणि त्याला खाली भोकं पाडून घेतली. आपली काळी माती यात चालत नाही, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. विटांचा चुरा, मांजरा नदीची जाड वाळू आणि थोडं शेणखत कालवलं. झाड पिशवीतून काढून निम्मी मुळं कापली, कापल्या जागी हळद लावली, परळात बसवलं आणि सावलीत ठेवलं. मुळांच्या जखमा सुकेपर्यंत पाणी द्यायचं नव्हतं.

मावशी झाडू हातात धरून बघत होत्या.

"पाणी न्हाई घालायचं?"

"नाही."

"किती दिस?"

"आठ दिवस."

त्या झाडाकडे बघत राहिल्या आणि मग जिन्याने खाली गेल्या. ते बघणं मी लक्षात ठेवलं.

आठवड्याने पाणी दिलं, महिन्याने फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळली. पण या झाडाचं अंग मऊ. तार सालीत रुतायला लागली. मग शिबिरातल्या गृहस्थांनी सांगितलेला दुसरा उपाय केला. फांदीला दोरा बांधायचा आणि दोऱ्याच्या टोकाला खडा लोंबकळत सोडायचा, म्हणजे वजनाने फांदी हळूहळू खाली वाकते. दोरा मजबूत हवा म्हणून मी करदोट्याचा काळा दोरा आणला. वाळूतून बेताचे सात खडे निवडले. सात फांद्यांना सात काळे दोरे आणि सात खडे. जिथे जिथे छाटलं होतं तिथे हळदीचं बोट. मला ते फार शास्त्रशुद्ध दिसत होतं.

आणि पानं कमी व्हायला लागली.

आज मला ठाऊक आहे की मुळं कापलेलं आणि पाणी तोडलेलं हे झाड पानं गाळतंच. ती पानं खाली पडत होती आणि मावशी ती झाडून टाकत होत्या. पण तेव्हा माझ्या डोक्यात भलतंच आलं. या झाडाची फांदी कुठेही खोचली की जगते, त्यामुळे ती चोरून नेणाऱ्या बायका गल्लोगल्ली असतात. मी पानं मोजायला सुरुवात केली. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी गच्चीवर जाऊन, झाडापुढे उकिडवं बसून, एक-एक फांदी धरून. आकडा चुकू नये म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटत. तरी घोटाळा व्हायचा, म्हणून मग पेपर तपासायच्या लाल पेनाने प्रत्येक फांदीच्या शेवटच्या पानावर एक ठिपका दिला. पेन्सिलीच्या रेघेची ती लातुरातली आवृत्ती. ठिपका दिसला नाही की समजायचं, फांदी खुडली गेली.

एकदा माझ्या मागे पाऊल वाजलं म्हणून वळून बघितलं तर दोन मुली जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी बघताच खाली पळाल्या. मी दोघींची नावं मनात टिपून ठेवली.

त्यानंतर घरातलं वारं बदललं. मी वर गेले की मुली बोलता बोलता गप्प व्हायच्या. माझ्या हातून वाटी घेताना एखादी हात मागे घ्यायची. निलंग्याकडच्या एका मुलीची आई मुलीला भेटायला आली. ती गच्चीवर उभी राहून झाडाकडे कितीतरी वेळ बघत होती. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "नको, आत्ताच पेले." तिच्या हातांवर एसटीतून उतरल्यावरची धूळ होती, चहा कुठे प्यायली असणार? मी मनात म्हटलं, हिला फांदी न्यायचीय. कॉलेजची वेळ झाली म्हणून मला निघावं लागलं, पण जाताना मावशींना वर पाठवलं, हिच्यावर लक्ष ठेवा म्हणून.

त्याच आठवड्यापासून झाडाचे शेंडे खरोखरच जायला लागले. यात आता शंकेला जागा नव्हती. पाखराने टोचलं तर पान फाटतं. हे नखाने नीट खुडलेलं होतं, दोन पानं खाली ठेवून वरचा कोंब तेवढा काढलेला. लाल ठिपक्यांची पानं एकेक करून नाहीशी होत होती. झाड मात्र खुडल्या जागी दोन-दोन कोंब काढत होतं आणि चांगलं डेरेदार होत होतं. मी त्याचं श्रेय माझ्या दोऱ्यांना दिलं आणि चोराच्या मागे लागले.

मुलींवरचा संशय लवकरच उतरला. त्या झाडाच्या जवळून जातानाही अंग चोरून जायच्या. राहिल्या मावशी. त्यांचं ते आधीचं बघणं मला आठवलं. सकाळी मुली नाश्त्याला बसल्या की मावशी वर का जातात, हा प्रश्न पडला. एकदा त्या काहीतरी चावत खाली आल्या. मी विचारलं, "काय खाताय?" तर म्हणाल्या, "काही न्हाई, बाई." झालं, माझी खात्री पटली.

त्या शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. मी पर्सही न ठेवता थेट गच्चीवर गेले. पाच शेंडे ताजे खुडलेले होते, कापाशी अजून पाण्याचा थेंब होता. खाली आले तर मावशी चपला घालत होत्या, खांद्याला कापडी पिशवी. मुली जेवून जिन्यात उभ्या होत्या.

"मावशी, पिशवी दाखवा."

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून माझ्यापुढे धरली. ती नुसती उघडून बघता आली असती. मी ती ओट्यावर पालथी केली. चुन्याची डबी, कंगवा, एक रुमाल, आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले हिरवे शेंडे. दोन पानांवर माझे लाल ठिपके.

"हे काय आहे?"

मावशींनी जिन्यातल्या मुलींकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे. म्हणाल्या, "घोळ हाय, बाई."

"घोळ?"

"घोळ हाय. दुसरं काही न्हाई."

माझा पारा चढला. चोरी पकडली गेली की सगळे हेच म्हणतात, काहीतरी घोळ झालाय, तुमचा गैरसमज झालाय. वर्गात कॉपी करताना सापडलेली मुलंही हेच म्हणतात. मी म्हणाले, "चोरीला घोळ म्हणतेस?" एवढ्या वर्षांचं अहोजाहो एका वाक्यात गळून पडलं, ते माझ्या मलाच ऐकू आलं, पण मी थांबले नाही. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

त्यांनी डबी, कंगवा, रुमाल पिशवीत भरला. शेंडे तिथेच ओट्यावर ठेवले. रोज जाताना त्या "येते, बाई" म्हणायच्या, जशी कुणीही बाई निघताना म्हणते. त्या दिवशी म्हणाल्या, "जाते, बाई." आणि गेल्या.

मी त्या दुपारी शांत झोपले, हेही लिहायला हवं. चोर सापडला होता, माझा अंदाज बरोबर निघाला होता.

स्वयंपाक माझ्या अंगावर पडला. मुली जेवेनाशा झाल्या. मला वाटलं, माझ्या भाकरी जाड होतात म्हणून. आठ दिवसांत एक मुलगी मामाकडे राहायला गेली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी ती निलंग्याकडची आई आली, मुलीची वळकटी बांधायला. मी तिला अडवलं आणि सरळ विचारलं, काय चुकलंय ते सांगा.

ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मॅडम, राग नका धरू. तुम्ही शिकलेल्या. पण पोरगी परेशान हाय. टेस्टला मार्क कमी यायलेत, रात्री दचकायलीय. ते वरचं झाड... काळे दोरे, खडे, हळद, आन् पानावर कुकवाचे ठिपके. तुम्ही सकाळी त्याच्या म्होरं बसून काय ते म्हनता. पोरींनी बघितलंय."

मी वर गच्चीकडे बघितलं.

"भानामती म्हनायल्या पोरी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "म्या तवाच नेनार होते हिला. पन तुमच्या त्या मावशीनं माझ्या म्होरं, समद्या पोरींच्या म्होरं त्या झाडाचा शेंडा खुडला आन् खाल्ला. म्हनाली, करनीचं झाड कुनी खाईल का? ही तर घोळ हाय, भाजीची घोळ, बाईला हौस हाय म्हनून लावलीय. मग रोज खायची पोरींच्या म्होरं. तिला काही झालं न्हाई, म्हनून पोरी ऱ्हाईल्या. आता तिलाच काढलं तुम्ही. पोरी म्हनायल्या, खरंच काहीतरी असंल, म्हनून काढलं."

आमच्या भागात भानामती हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. कपडे आपोआप पेटतात, अंगावर फुल्या उमटतात, बाया घुमायला लागतात, आणि मग शेवटी हे सगळं कुणातरी एका बाईच्या नावावर टाकलं जातं. जिच्या नावावर पडलं तिचं पुढे काय होतं, ते मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. मी जीवशास्त्र शिकवते आणि हे माझ्याच गच्चीवर चाललं होतं. सगळ्या घरावर पाळत ठेवणाऱ्या मला माझ्याविषयी लोक काय बोलतात याचा पत्ताच नव्हता.

मी तिला मुलगी नेऊ दिली. वर गेले आणि झाडासमोर बसले. एक पान तोडून तोंडात टाकलं. आंबट, थोडं बुळबुळीत. नांदेडला आई पावसाळ्यात डाळ घालून घोळीची भाजी करायची, शेताच्या बांधावर आपोआप उगवणारी ती जाड पानांची भाजी. अगदी तीच चव. 'घोळ हाय, बाई' याचा अर्थ मला तेव्हा लागला. मावशी गोंधळ झालाय असं म्हणत नव्हत्या. त्या झाडाचं नाव सांगत होत्या.

खाली येऊन पुस्तकं काढली. घोळीचं शास्त्रीय नाव पोर्टुलाका, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. आणि हे झाड पोर्टुलाकेरिया, घोळीसारखं दिसतं म्हणूनच त्याला ते नाव पडलेलं. नखाएवढं पान, तांबूस खोड, पेरांच्या खुणा, सगळं झेरॉक्सच्या कागदावर होतं. ते खाल्लं तरी चालतं, असंही लिहिलेलं होतं. नखाने कसं खुडायचं, दोन पानं ठेवून शेंडा कसा काढायचा, हे सुद्धा होतं. ते मी शिबिरात लिहून घेतलं होतं आणि झाड बिघडेल या भीतीने कधी केलं नव्हतं. मावशींनी ते हरभऱ्याचे शेंडे खुडावेत तसं केलं होतं. आमच्याकडे थंडीत हरभऱ्याचे शेंडे भाजीला खुडतात आणि त्याने हरभरा फुटतो, फांद्या धरतो. हे त्यांच्या हाताला माहीत होतं. झाडाला वळण त्यांनी लावलं होतं. मी फक्त खडे बांधले होते.

मला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्या परत येतील याची मला काहीच खात्री नव्हती आणि त्यांनी का यावं हेही सुचत नव्हतं.

मुलाच्या खोलीवर गेले तर कळलं, मावशी गावी गेल्यात. रविवारी औशाकडची एसटी धरली. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं ते गाव. एकसारखी घरं, एकसारखे रस्ते, दोनदा विचारल्यावर घर सापडलं. मावशी ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. मला बघून उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यायले आणि जे बोलायचं घोकत आले होते ते सगळं विसरले.

"मावशी, मी चुकले."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बसा, बाई. उन्हात आल्या."

"तुम्ही मला सांगितलं का नाही, मुली काय बोलतायत ते?"

"कसं सांगायचं? तो शबुद तोंडातनं काढला की चिकटतो." मग तूर निवडत निवडत बोलल्या. "माझ्या जावेवर आलतं ते नाव. जुन्या गावात. एका घरच्या म्हशी मेल्या, म्हनले हिनं केलं. तिच्या हातचं पाणी कुनी पेत नव्हतं. मी बी नव्हते पेत, बाई. घरच्यांनी सांगितलतं न्हाई प्यायचं, मी न्हाई पेले. मग भूकंप झाला. पयल्या दनक्यात गेली ती. तरी म्हनले, तिच्यामुळंच झाला."

त्या एवढं सलग कधी बोललेल्या मी ऐकलं नव्हतं. शेवटी जे इतके दिवस टोचत होतं ते विचारलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, झाड विषारी आहे म्हणून?"

"हाव. सांगितलतं."

"मग तुम्हाला माहीत होतं का ती घोळ आहे ते?"

"न्हाई. पानं जाड, म्हनून वाटलं जरासं. पन एवढं मोठं खोड असलेली घोळ म्या कुठं बघितली? खाल्ल्यावर कळलं, आंबट हाय म्हनून. मग पोरींना दिसावं म्हनून डाळीत टाकाया घरी बी नेत होते."

"आणि काही झालं असतं तर?"

त्यांनी खांदे उडवले. "ती निलंग्याची बाई तिथं पोरीची पिशवी भरायली होती. इचार करायला येळ कुठं होता."

मी त्यांना परत चला म्हणाले. नीट शब्दांत, तुम्ही म्हणत, हात जोडून. त्यांनी हात खाली केले माझे. तूर डब्यात भरली, झाकण लावलं, आणि म्हणाल्या, सोमवारी येते. परतीच्या एसटीत मी डोळे पुसत बसले आणि शेजारच्या बाईला वाटलं, कुणी गेलंय घरचं.

सोमवारी सहाला मावशी हजर. मुलींसमोर मी त्यांची माफी मागितली, झाडाचे दोरे सोडले, घोळीची गोष्ट सांगितली, शेंडा खाऊन दाखवला. मुली हसल्या. सगळं पुन्हा सुरळीत झालं असं मला वाटलं. भाकरी, भाजी, गच्ची झाडणं. दुपारी दोनला मावशींनी चपला घातल्या आणि खांद्यावरची पिशवी काढून माझ्यापुढे ओट्यावर पालथी केली. चुन्याची डबी, कंगवा, रुमाल.

"अहो मावशी, हे काय? नको."

"असू द्या, बाई," त्या म्हणाल्या. रागाने नाही, टोमणा मारायचा म्हणूनही नाही. गॅस बंद केला का बघावं, तसं. डबी, कंगवा, रुमाल परत भरला आणि "येते, बाई" म्हणून गेल्या.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मुलींच्या तुकड्या आल्या आणि गेल्या. मावशी रोज जाताना पिशवी पालथी करतात. मी रोज नको म्हणते. सुरुवातीला मी तोंड फिरवून उभी राहायचे, स्वयंपाकघरातून निघून जायचे, तर त्या मी येईपर्यंत थांबायच्या. आता मी तिथेच उभी असते. तोंडाने नको नको म्हणत असते, आणि माझे डोळे ओट्यावर जातात, डबी, कंगवा, रुमाल बघून येतात. मावशींना ते दिसतं.